उतरण्याची परवानगी मिळणेबाबत

विषय : किनाऱ्यावरील एका ठिकाणाचे नाव निश्चित करण्याकरिता तेथे प्रत्यक्ष उतरण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : (१) जुन्या जहाजांच्या रोजनिशा. (२) बोटीतून केलेली प्रथम पाहणी. (३) अर्जदाराच्या दिवंगत पत्नीने वेळोवेळी तोंडी सांगितलेला मजकूर.

उपरोक्त विषयाचा अर्ज टेबलावर आला तेव्हा संचालकबाईंनी पहिला संदर्भ वाचून मान डोलावली, दुसरा वाचून सहीसाठी पेन उघडलं, आणि तिसरा वाचून ते पुन्हा बंद केलं.

"काका, हे तिसरं काय आहे?"

"संदर्भ आहे, मॅडम."

"ते दिसतंय. पण तोंडी मजकूर संदर्भ म्हणून कसा लावायचा?"

"लेखी द्यायला ती आता नाही," अर्जदार म्हणाले.

बाईंनी अर्ज उजवीकडून डावीकडे ठेवला. कार्यालयीन भाषेत याला कार्यवाही म्हणतात. अर्ज तिथवर कसा पोचला, त्याची हकीकत अशी.

अर्जदाराला त्या कार्यालयात सगळे टाचणीकाका म्हणत; तोंडावर नुसतं काका. ते रीतसर निवृत्त झाले होते. निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि ते भिंतीवर लागायच्या आत ते कंत्राटावर परत हजर झाले, तेही वेळेवर. त्यांची नामनिश्चिती शाखा म्हणजे एक लांबट खोली, एक टेबल, भिंतभर लावलेला किनाऱ्याचा नकाशा, आणि काका.

पूर्वी प्रत्येक जहाजावर रोजनिशी लिहायची पद्धत होती. वारा कुठला, पाणी किती खोल, कुठली टेकडी कुठल्या दिशेला, आणि शेवटी किनाऱ्यावर दिसलेल्या गावाचं नाव. ती नावं आज कुणाला ओळखू येत नाहीत. काही गावं पाण्यात गेली, काही आत सरकली, काहींनी सासरी गेलेल्या मुलीसारखं नाव बदललं. रोजनिशीतलं गाव आजच्या नकाशावर नेमकं कुठे, ते ठरवून तिथे टाचणी टोचायची, एवढंच काकांचं काम. ते त्यांनी जन्मभर केलं आणि त्याचा त्यांना कंटाळा आला नाही, ही गोष्ट त्यांचे सहकारी एखाद्या दुखण्यासारखी सांगत.

काकांची एक पद्धत होती. गावाचं नाव ते आधी वाचत नसत. नावावर कागदाची पट्टी ठेवायची, दिशा उतरवून घ्यायच्या, नकाशावर रेघा ओढायच्या, रेघा एकमेकींना छेदतील तिथे टाचणी टोचायची, आणि मग पट्टी उचलायची. नाव आधी वाचलं की माणूस त्या नावाला सोयीची जागा शोधायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. मुलीसाठी स्थळं बघतानाही त्यांनी ही पद्धत चालवून पाहिली होती. मुलीने ती चालू दिली नाही, आणि लग्नही केलं नाही. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. दवाखान्यात लोकांना तोंड उघडायला सांगून ती घरी येई, आणि बापाने तोंड उघडलं की मिटा म्हणे.

घर दुसऱ्या मजल्यावर, एका गल्लीत. खिडकीतून गल्ली टोकापर्यंत दिसायची. टोकाला शिंप्याचं दुकान आणि मागे भिंत. समुद्र तिथून इतका लांब की बसने जाताना एक झोप पुरी होई.

त्या खिडकीशी काकांच्या पत्नीची खाट होती. आजारपण लांबलं तेव्हा तिने ती हट्टाने तिथे ओढून घेतली. दुपारी मुलगी कामावर असायची, तेव्हा तिला दिवसभराची नोकरी होती. काका शाखेचे कागद घरी आणून आतल्या खोलीत टेबलाशी बसलेले असत. गल्ली निपचित पडलेली. दोरीवरचे कपडे हलत नसत. अशा वेळी बाहेरच्या खोलीतून हळूच हाक यायची.

"अहो, घरात आहात ना?"

"आहे की. कुठे जाणार?"

"मग ठीक."

एवढंच. काकांना वाटे, आजारी माणसाला सोबत आहे की नाही याची खात्री करून घ्यायची असते. कधी कधी मात्र ती 'मग ठीक'वर थांबत नसे. पहिल्यांदा म्हणाली, "गल्लीच्या टोकाला पाणी आलंय. शिंप्याच्या पायरीपर्यंत. एक नाव उभी आहे आणि नावेत तुम्ही उभे आहात. तसेच. उतरत नाही आहात."

"उतरायचा आदेश निघाला नसेल," काका आतूनच म्हणाले.

ती हसली. त्यांचे विनोद तिला कळत, आणि ते विनोद नसतात हेही कळे. डॉक्टर म्हणाले की ही औषधं कडक आहेत, असं होतं. काकांनी ती नोंद मनातल्या मनात फाईल केली. पुढे ती गेली. खाट गेली, खिडकी राहिली. मुलीने दवाखान्यातली दुपारची पाळी सोडली, कारण बाप दुपारी जेवायला विसरतो असं तिच्या लक्षात आलं. या हाकांबद्दल काकांनी तिला कधी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

वर्ष उलटलं. मग एके दिवशी शाखेत काका टाचणी टोचायला गेले आणि ती लोण्यात जावी तशी आपोआप आत गेली. तिथे आधीच भोक होतं.

काकांनी चष्मा पुसला. ती जागा त्यांनी आधीही एकदा निश्चित केली होती, वेगळ्या जहाजावरून. दोन्ही कागद शेजारी ठेवले. टेकड्या त्याच, दिशा त्याच, आणि पट्ट्या उचलल्यावर नावं अगदी वेगळी. ओढूनताणूनही एक वाटावीत अशी नव्हेत.

मग त्यांनी 'ताळमेळ नाही' असा शेरा मारून कपाटात कोंबलेले जुने गठ्ठे उपसले. त्यांच्या आधीच्या लोकांनी काय केलं होतं ते हळूहळू उलगडत गेलं. त्यांनी नाव आधी वाचलं होतं. नाव कुठल्या तरी दूरच्या किनाऱ्यावरच्या गावाचं, दिशा मात्र इथल्या. तेव्हा कप्तान वाट चुकला असणार किंवा त्या दिवशी प्यायला असणार, असं ठरवून त्यांनी ती ती नोंद त्या त्या दूरच्या गावाच्या खणात टाकून दिली होती. नोंदी शंभर खणांत विखुरल्या आणि एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. काकांनी त्या गोळा केल्या, नावं झाकली, रेघा ओढल्या. सगळ्या त्याच भोकात. भोक इतकं रुंद झालं की शेवटी त्यात टाचणी उभी राहीना.

रोजनिशीच्या पहिल्या पानावर कप्तानाने स्वतःचं नाव आणि गाव लिहायचं, असा रिवाज होता. काकांनी पहिली पानं काढली आणि पट्ट्या उचलल्या. प्रत्येकाने त्या ठिकाणाला स्वतःच्याच गावाचं नाव दिलं होतं.

मग त्यांनी नोंदी नीट वाचल्या. एकात होतं : "दुपार. वारा पडलेला. आमचं गाव दिसलं. हिशेबाने ते अजून फार लांब आहे. विहिरीवर बहीण उभी आहे. मी लहान असताना ती वारली. नांगर टाकला नाही."

दुसऱ्यात : "जहाजावरच्या सुताराने उतरण्याची परवानगी मागितली. दिली. त्याला त्याचं घर दिसत होतं, आम्हाला आपापली. तो एका दारात शिरला. दार आतून कुणी उघडलं ते इथून दिसलं नाही. उजेड असेपर्यंत थांबलो. तो खिडकीतून हात हलवत होता. खुशाल वाटला. त्याची हत्यारं बाकीच्यांत वाटून दिली."

खोलीत पंखा चालू होता. काकांना तो दुसऱ्याच कुणाच्या खोलीत चालल्यासारखा वाटला.

संचालकबाई वयाने काकांच्या मुलीएवढ्या, हुशार, आणि नियमाला पक्क्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, तक्त्यात एका ठिकाणाला एकच नाव बसतं."

"म्हणूनच आलो."

"यातलं कुठलं लावायचं?"

"ज्याने बघितलं त्याचं," काका म्हणाले. "अडचण तीच आहे."

"मग तुम्ही बघून या. कार्यालयाची बोट घ्या. पण बोटीतूनच हं. किनाऱ्यावर उतरायचं असेल तर त्याची मंजुरी वेगळी लागते."

बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा आणि बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा, हा एक जाडजूड, झोपाळू चेहऱ्याचा माणूस होता. त्याने नकाशावरच्या भोकाकडे बराच वेळ बघितलं.

"तिथे काय आहे?"

"तेच बघायचंय."

"तिथे काही नाही, काका."

"मग जायला हरकत नसावी."

"काही नाही अशा ठिकाणी जायला डिझेल जास्त जातं," तांडेल म्हणाला, पण निघाला.

ऊन होतं, पण त्याला धार नव्हती. पाणी इस्त्री केलेल्या चादरीसारखं पसरलेलं, आणि आकाश कुठे संपलं ते कळू नये असं धुरकट. किनारा मधूनच दिसे, मधूनच पुसला जाई. काका दिशा घेत होते, लिहीत होते. रोजनिशीतली टेकडी आली, सुळका आला. मग तांडेलाने इंजीन बंद केलं, आपलं स्टूल उचललं आणि उलट मांडलं. आता त्याची पाठ किनाऱ्याकडे होती. नजर त्याने होकायंत्रावर लावली.

"हे काय?"

"मी असाच बसतो इथे. तुम्ही उरका तुमचं."

काकांनी खोली मोजायचा दोर सोडला. त्याच्या टोकाला शिशाचा गोळा असतो आणि गोळ्याच्या बुडाला चरबी फासलेली असते. तळाची वाळू, शिंपला, चिखल जे असेल ते तिला चिकटून वर येतं, आणि तेही रोजनिशीत लिहायचं असतं. गोळा वर आला. चरबीत कपड्यांचा एक चिमटा रुतला होता. निळा, उन्हाने उडालेल्या रंगाचा, एका पायाला पांढरा दोरा गुंडाळलेला.

काकांनी वहीत लिहिलं : तळ : चिमटा. मग ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

तेवढ्यात वास आला. समुद्राचा नव्हे. साबणाचा, ओल्या कपड्यांचा, आणि त्यात अगदी थोडा औषधाचा. असा वास ज्या घरात असतो तिथे लोक चप्पल न वाजवता चालतात... काकांनी मान वर केली नाही. वहीतली रेघ त्यांनी पुन्हा एकदा गिरवली. मग मान वर केली.

पाणी शिंप्याच्या पायरीशी संपत होतं. लाट नव्हती, पायरीचा काठ नुसता भिजलेला. आत शिंप्याचं मशीन फडकं टाकून झाकलेलं. पुढे गल्ली. त्यांची गल्ली, तिन्ही खुणांसकट : वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची झाकलेली स्कूटर, पिंपाखाली झोपलेलं पिवळं कुत्रं, अर्धवट रंगवून सोडलेला कठडा. दुपारचं तेच निपचित ऊन. दुसऱ्या मजल्यावर दोरीवर कपडे, आणि त्यांतला एक सदरा एकाच चिमट्यावर लोंबकळत होता. दुसरा चिमटा काकांच्या हातात होता.

खिडकीत ती होती.

शेवटच्या दिवसांत होती तशीच, उशीला टेकून बसलेली. तिने हात हलवला नाही. तिला आश्चर्य वाटल्याचंही दिसलं नाही. उशिरा येणाऱ्या माणसाकडे घरचे बघतात तसं तिने काकांकडे बघितलं. मग तिने मान वळवली आणि आतल्या बाजूला काहीतरी विचारलं. शब्द पाण्यावरून पोचले नाहीत. ते पोचायची काकांना गरजही नव्हती.

उत्तर मात्र पोचलं. आतल्या खोलीतून, स्वच्छ, थोडं वैतागलेलं, लिहिता लिहिता मान वर न करता दिलेलं.

"आहे की. कुठे जाणार?"

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ओळखता येत नाही म्हणतात. काकांनी ओळखला. त्या आवाजात त्यांचं सबंध आयुष्य होतं, आणि ते आतल्या खोलीत पाठ करून बसलं होतं.

ती पुन्हा बोटीकडे वळली. आता ती बराच वेळ बघत राहिली. मग तिचे ओठ हलले. या वेळी ती आत विचारत नव्हती.

"तांडेल..." काका म्हणाले. "बोट थोडी पुढे घ्या."

"आदेश बघण्याचा आहे."

"दोन हात पुढे. पायरी आहे तिथे. गुडघाभरसुद्धा पाणी नाही."

"मला पायरी दिसत नाही," होकायंत्रावरची नजर न काढता तांडेल म्हणाला. "आणि मी बघणारही नाही."

काकांनी एक पाय काठावरून बाहेर टाकला. निवृत्त कारकुनाला हे शोभत नव्हतं, आणि त्यांच्या गुडघ्याने तसं कळवलंही. बोट किंचित कलली. तांडेलाला कळलं, पण तो वळला नाही.

"काका. घरी कोण असतं तुमच्या?"

"मुलगी."

"ती दिसतेय का तिथे?"

काकांनी बघितलं. खिडकी, खाट, दोरी, ती. दारातल्या चपला त्यांनी नजरेने चाळल्या.

"नाही."

"मग..." तांडेल म्हणाला.

पाय तसाच होता. पाण्याला अगदी लागेल न लागेल असा. पाणी कोमट आहे हे काकांना न लावताच कळत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांनी पाय आत घेतला, आणि त्याच क्षणी खिडकीतल्या बाईने मान हलवली, जणू हे तिला आधीपासून माहीत होतं. तांडेलाने इंजीन सुरू केलं. धुरकट हवेने गल्ली पुसून घेतली, आधी शिंपी, मग कुत्रं, सगळ्यांत शेवटी खिडकी.

परतीच्या वाटेवर, बंदर दिसायला लागल्यावर, तांडेलाने स्टूल सरळ केलं.

"मला तिथून जेवायला हाक मारतात," तो म्हणाला. "म्हणून त्या बाजूला जायचं तर मी पोटभर खाऊन निघतो."

घरी मुलीने दार उघडलं आणि नाक वर केलं. "बाबा, तुम्ही समुद्रावर गेला होतात ना? साबणाचा वास येतोय."

काकांनी खिशातून चिमटा काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटसुलट केला.

"हा आपला आहे. तुटला होता तेव्हा आईने दोरा गुंडाळला होता. कुठे सापडला?"

"कामाच्या ठिकाणी."

त्या रात्री काका झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहायला घेतला. असा प्रसंग आलेला माणूस रडतो, पितो किंवा देवाधर्माला लागतो. काकांनी नमुना मागवला. नमुन्यात पहिलाच रकाना 'ठिकाणाचे नाव' असा होता आणि तो कोरा ठेवायला मनाई होती. नाव उतरल्याशिवाय ठरणार नव्हतं, आणि नाव लिहिल्याशिवाय उतरता येणार नव्हतं. काकांनी तिथे 'निश्चित व्हावयाचे आहे' असं लिहिलं. 'परतीची वेळ' या रकान्यातही त्यांनी तेच लिहिलं.

संचालकबाईंनी अर्ज उजवीकडून डावीकडे ठेवला तो याच दिवशी. दोन दिवसांनी त्यांनी काकांना बोलावून घेतलं. बोटीतून काय दिसलं हे त्यांनी विचारलं नाही. अहवालातला 'तळ : चिमटा' एवढा भाग वाचून त्या म्हणाल्या, "समुद्रात काय वाट्टेल ते सापडतं, काका." मग म्हणाल्या, "मी नाही म्हणणार नाही. पण निवृत्त माणसाला उतरवायचं तर घरच्या माणसाची ना-हरकत लागते. नियम आहे."

"तो बोटीवरच्या मजुरांसाठी आहे, मॅडम."

"आता तुमच्यासाठीही आहे," बाई म्हणाल्या, आणि अर्ज परत दिला.

संध्याकाळी काकांनी तो मुलीपुढे ठेवला, वर पेन ठेवलं. ती कणीक मळत असावी तशी सावकाश, सगळं उलटून पालटून वाचत राहिली. रोजनिशीतल्या उताऱ्यांच्या प्रतीही सोबत जोडलेल्या होत्या. काका जोडपत्रं कधी विसरत नसत; या वेळी विसरले असते तर बरं झालं असतं.

"तिसरा संदर्भ म्हणजे काय? आई काय सांगायची?"

"दुपारी खिडकीतून नाव दिसते म्हणायची. मी त्यात उभा आहे म्हणायची." हाकेचे शब्द त्यांनी सांगितले नाहीत. ते दोघांचे होते.

"आणि तुम्हाला त्या दिवशी ती दिसली."

"हो."

"बरी आहे?"

"आजारीच आहे," काका म्हणाले. "पण आहे."

भिंतीवरचं निरोप समारंभाचं घड्याळ दोघांनी ऐकलं.

"उतरलात तर परत याल?"

"यावंच लागतं. अहवाल द्यायचा असतो. त्याशिवाय नोंद पुरी होत नाही."

"सुतार आला होता?"

"तो कंत्राटावर नव्हता."

ती हसली नाही. आई या विनोदांना हसायची; मुलगी हसत नसे.

"मी दिसले का तिथे?"

"ती वेळ तुझी कामाची. तू तेव्हा दुपारी घरी नसायचीस."

"दिसले का?"

"नाही."

"हं," ती म्हणाली. तिने पेन बापाच्या खिशाला परत लावलं. अर्ज घेतला, खिडकीपाशी गेली आणि कपड्यांच्या दोरीवर त्याच निळ्या चिमट्याने लटकवला. "डोळ्यांसमोर राहू दे. विचार करते."

काकांनी पिशवी भरून ठेवली. छत्री, पाण्याची बाटली, कोरे नमुने, आणि कपाटाच्या तळातून काढलेली बायकोची शाल. तिथे दुपारीसुद्धा गारवा असेल तर असावी म्हणून. रोज संध्याकाळी ते विचारत, "झाली का सही?"

"प्रक्रियेत आहे, बाबा."

हे उत्तर काकांनी स्वतः आयुष्यभर लोकांना दिलं होतं. त्यात काय असतं आणि काय नसतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मुलीच्या बाजूनेही बघायला हवं. सही केली तर बाप जाणार. नाही केली तर बाप राहणार, पण टेबलाशी, पाठ करून. आणि आई, कशीही असली तरी, आहे. असा कागद कुणी लगेच निकाली काढत नाही.

मग परवाची दुपार. वारा पडलेला होता. दोरीवर अर्ज हलत नव्हता. मुलगी खिडकीतून वाळलेले कपडे काढत होती, काका आतल्या खोलीत टेबलाशी बसून दुसऱ्याच कुठल्या साध्यासुध्या गावाच्या दिशा उतरवत होते. त्यांना वास आला तेव्हा आधी काही कळलं नाही. खारट, थंडगार, शेवाळ्याचा. मग बाहेरच्या खोलीतली कपड्यांची सळसळ थांबली.



"बाबा..." हळूच, दवाखान्यातल्यासारखा आवाज. "घरात आहात ना?"

काकांचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. त्याखाली शाईचा ठिपका वाढत गेला. वेगळं काही म्हणावं असं त्यांच्या मनात आलं. ओरडावं, उठून बाहेर जावं, खिडकीशी उभं राहून दोन्ही हात हलवावेत. पण तोंडातून तेच बाहेर पडलं, मान वर न करता, जसं नेहमी पडायचं तसं.

"आहे की. कुठे जाणार?"

"मग ठीक."

खिडकीची कडी लागल्याचा आवाज आला. मग पावलं, खिडकीपासून दारापर्यंत. दाराची वरची कडी. मग खालची, जी त्या घरात कधी लावत नसत.

मुलगी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हातात वाळलेले कपडे तसेच. तिने बापाकडे नीट बघून घेतलं, डोक्यापासून पायांपर्यंत.

"तांडेल जाडजूड आहे का? पाठ करून बसतो?"

"हो. तुला कुणी..."

"नावेत तुम्ही उभे असता, असं आई म्हणायची ना?"

"हो."

"आज तो एकटाच होता," ती म्हणाली. "नाव शिंप्याच्या पायरीला लागलेली. आणि पायरीपासून आपल्या खालच्या दरवाजापर्यंत ओली पावलं."

जिना त्या वेळी शांत होता. दोघांनीही ऐकून बघितलं.

सद्यःस्थिती : सदर अर्जावर कुटुंबातील व्यक्तीची सही अद्याप झालेली नाही. त्यामुळे उतरण्याची परवानगी कोणासही देण्यात आलेली नाही. ठिकाणाच्या नावाच्या रकान्यात अद्याप 'निश्चित व्हावयाचे आहे' असेच आहे. खिडकी बंद असल्याने अर्ज बाहेर दोरीवरच आहे, आणि ऊन चांगलं असूनही तो वाळत नाही. अर्ज प्रलंबित आहे.